देवघरातलं जहाज

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे देवांना चिंचेची आंघोळ असते. आमची मंडळी, इंदू, परातीत चिंचेचं पाणी आणि चुलीतली राख घेऊन ओसरीवर बसते आणि एकेक देव घासून उन्हात मांडते. यंदा खंडोबा झाला, भवानी झाली, रांगता बाळकृष्ण झाला. मग तिने परातीतून तांब्याची एक गोल चकती उचलली, पदराने पुसली, डोळ्यांजवळ नेली आणि मला हाक मारली.

"अहो, ह्या तुमच्या इंग्रजाच्या नाकावरचा डाग काही केल्या जाऊन नाही राह्यला."

"राहू दे. मुळातच असन त्याच्या नाकावर."

"अन् जहाजाची एक काठी झिजली."

"डोलकाठी म्हणतात तिला," मी म्हणालो. मी मलकापूरच्या शाळेत भूगोल शिकवतो. बंदरं, वारे, प्रवाह, भरती-ओहोटी हे सगळं मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलोय आणि समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पोरांना हे ठाऊक नाही. इंदूला ठाऊक आहे, म्हणून ती नुसती हसली आणि तिने इंग्रजाला खंडोबाच्या शेजारी वाळत ठेवलं.

नेमका तेव्हाच कापसातली सरकी काढणाऱ्या जिनाकडून वारा आला. कपाशी फुटायला लागली की ह्या गावाची हवाच वेगळी होते. सरकीचा तेलकट, उबट वास सकाळपासून कपड्यांना चिकटून राहतो. भोंगा वाजला की कुत्री त्याच्या सुरात सूर मिळवतात. खेड्यांवरून येणाऱ्या गाड्यांतला कापूस वाटेवरच्या बाभळींच्या काट्यांना झोंबतो, आणि रस्ताभर बाभळी पांढरे झुबके लावून म्हाताऱ्यांसारख्या उभ्या दिसतात. शाळेत यायच्या आधी पोरं ते झुबके वेचतात, आणि वर्गात मी नकाशावर छडी ठेवून "हे कापसाचे प्रदेश" म्हणतो तेव्हा अर्ध्यांच्या खिशातून कापूस डोकावत असतो.

हा वास आला की मला दर वर्षी एकच हंगाम आठवतो. तसे पुष्कळ हंगाम येऊन गेले, चांगले गेले, बुडाले. पण नाकाला तोच एक पाठ आहे.

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. म्हणजे धनी निजाम, कारभार नागपूरचा, हुकूम इंग्रजाचा आणि बोली आमची. आम्ही नक्की कुणाचे, हे मला मॅट्रिकच्या परीक्षेत विचारलं असतं तर त्याही प्रश्नात मी नापास झालो असतो. मॅट्रिक मी दुसऱ्या खेपेला पास झालो होतो आणि त्या मोठेपणाच्या ओझ्याखाली घरी नुसता बसून होतो. नळगंगेच्या काठी, मलकापूरपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव. घरात वडील, म्हणजे दादा. दादांची धाकटी बहीण, माझी आत्या, ऐन विशीत कपाळ पांढरं होऊन माहेरी आलेली. काकू. आणि मी. आई मी लहान असतानाच गेली होती, तेव्हा मला आत्याने वळण लावलं आणि काकूने बिघडवलं, असं आत्या म्हणायची.

काकूचा नवरा, म्हणजे माझे नानाकाका, घरात नव्हते. नानाला शेतात करमत नसे. वखर हाकता हाकता तो मधेच थांबून आगगाडीचा आवाज ऐकत राहायचा. एका सकाळी त्याचं आणि दादांचं वाजलं. दादा म्हणाले, "गेला तं मंग ह्या घरात पाय नोको ठेवू." नाना चप्पल पायात सरकवून सरळ मलकापूरच्या वाटेला लागला. रागात बोललेलं वाक्य हे दारावर टांगलेल्या कुलपासारखं असतं. लावणाऱ्यालाही नंतर किल्ली सापडत नाही. दादांना ती पुढे कधी सापडली नाही, आणि नानाने ती मागितली नाही.

मग एका चैत्रात तो बिल्ला आला. मलकापूरच्या प्रेसमध्ये कापूस दाबून गठाणी बांधणारा एक माणूस मुंबईला जाऊन आला होता, त्याने बाजारात दादांच्या हातावर ठेवला.

"तुमच्या नानानं देल्ला. घरी द्या म्हणे. जहाजाच्या कामावर हाय तो."

"अन् काही बोलला?"

"नाही बाप्पा. येवढंच देल्लं."

रुपयापेक्षा थोडा मोठा, जड, तांब्याचा. एका बाजूला शिडं फुगलेलं जहाज. दुसऱ्या बाजूला तिरकी टोपी घातलेला, छातीवर मानाची चिन्हं मिरवणारा एक गोरा सरदार. कडेने बारीक इंग्रजी अक्षरं. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच, म्हणून मी ओसरीवर ऐटीत बसलो आणि दिवसाच्या उजेडात तिरपा धरून धरून ती अक्षरं लावली. अर्थ असा निघाला, की इंग्रजांच्या एका जुन्या लढाऊ जहाजाच्या तळाला जे तांबं मढवलं होतं, ते वितळवून हा आठवणीचा बिल्ला पाडलेला आहे. मी तसं जाहीर केलं.

आत्या चिंच घेऊनच बसली होती. म्हणाली, "तू पह्यल्या बारीले कोण्या विषयात गेला होता रे?"

"इंग्रजीत."

"मंग?"

आत्याने तो बिल्ला घासला, पुसला, आणि उचलून देवघरात टाकांच्या ओळीत ठेवला. तांब्या-चांदीच्या लहानशा पत्र्यावर देवाचा ठसा उठवला की त्याला टाक म्हणतात. खंडोबाचा टाक, भवानीचा टाक. आत्याच्या मते तांबं पाण्यासाठी असतं, नाहीतर देवासाठी असतं. त्यावर ठसा उठला असेल तर प्रश्नच मिटला.

"आत्या, तो माणूस आहे. टोपी घातलेला साहेब."

"गणपतीले उंदीर हाय, खंडोबाले घोडा हाय, ह्याले जहाज हाय. वाहन असलेला देवच असते. तुह्या साहेबाले हाय का वाहन?"

आमच्या तहसीलदाराकडे सायकल होती, पण मी ते बोललो नाही. काकू चुलीपुढून हे सगळं ऐकत होती. आत्या उठून गेल्यावर ती देवघराशी आली, हात न लावता त्या जहाजाकडे बघत राहिली आणि हळूच मला म्हणाली, "एवढं मोठं असते का रे ते? याच्यात माणूस झोपते कुठी?"

काकूचं माहेर लोणारकडचं. घरात खारं पाणी पाहिलेली ती एकटीच, म्हणून समुद्राच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा असे. "लोणारचं पाणी जड असते," ती सांगायची. "माणसाले वरच धरते. मंग समुद्र त् त्याच्याहून खारा. त्याच्यात कोणी बुडन कसं?" मी भूगोलाचा मास्तर झाल्यावरही हा मुद्दा मला खोडावासा वाटला नाही. काही चुका अशा असतात की त्यांच्यावर कुणीतरी रात्रीची झोप बेतलेली असते.

त्यानंतर नानाची काहीच खबर आली नाही. पावसाळा गेला, एक वेचणी गेली, दुसरा पावसाळा आला. दादा दर बाजाराला प्रेसच्या फाटकाशी जाऊन उभे राहत आणि कुणाला काही न विचारता परत येत. काकू रोज आंघोळ झाली की ठसठशीत कुंकू लावी. देवापुढे दिवा लागे, आणि त्या दिव्यात खंडोबाच्या घोड्याशेजारी इंग्रजाचं जहाज लुकलुके. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. रोज पाहिलेली वस्तू माणसाला दिसेनाशी होते. ती दिसायला परका डोळा लागतो.

तो परका डोळा इंदूच्या आजीचा.

इथे इंदूचं म्हणणं असं, की तिच्या आजीला मी प्रत्येक वेळी सांगताना अधिकाधिक दुष्ट करतो. म्हणून जेवढं झालं तेवढंच सांगतो. कपाशी फुटायच्या बेतात होती. दादांना माझं लग्न उरकायची घाई होती, कारण घरात सवाष्ण म्हणावी अशी एकटी काकू, आणि तिच्यावर सगळा भार. इंदूकडचे लोक घर पाहायला आले. गोदाआजी, म्हणजे इंदूची आजी, आल्या आल्या देवाला नमस्कार करायला देवघराशी बसली. बराच वेळ बसली. बाहेर मी नव्या टोपीत, मान ताठ करून, मॅट्रिक पास झालेल्या माणसासारखा दिसण्याचा प्रयत्न करत होतो. निघताना काकू कुंकवाचा करंडा घेऊन आली आणि इंदूच्या आईपुढे वाकली. गोदाआजीने सुनेचा दंड धरून तिला उठवलं.

"चाल वं. उशीर होऊन राह्यला."

काकूच्या बोटावरचं कुंकू बोटावरच राहिलं. तिला वाटलं, स्थळ पसंत पडलं नाही. ती माझीच समजूत घालायला लागली, की ह्यापेक्षा चांगली मिळेल. मला तर नाक मुरडायचं कारण माझा चेहराच वाटला होता.

खरं कारण दादांना पुढच्या बाजारात कळलं. एका ओळखीच्या माणसाने पागोटं काढून त्यांच्या हातावर हात ठेवला. "नानाचं समजलं. लई वाईट झालं, पाटील."

आमच्या भागात घरातला पुरुष बाहेरच्या बाहेर, अकाली गेला, तर त्याचा ठसा टाकावर उठवून देवांच्या ओळीत बसवायची चाल आहे. त्याला वीर म्हणतात. गोदाआजीने देवघरात काय पाहिलं? नवा टाक. त्याच्यावर देव नाही, पुरुष. मागे जहाज. आणि घरचा धाकटा जहाजावर गेलेला. कुठल्याही शहाण्या बाईने काढला असता तोच अर्थ तिने काढला: ह्या लोकांनी धाकट्याला वीर बसवलाय, त्याची पूजा चालली आहे, आणि त्याची बायको मात्र हिरव्या बांगड्या भरून, कुंकू लावून दुसऱ्याच्या सुनेला कुंकू लावायला येते.

"माह्या आजीनं काही वाईट मनानं नाही केलं," परवा देव घासताना इंदू मला पुन्हा म्हणाली.

"मी कुठे म्हणतोय?"

"तुमचं तोंड म्हणून राह्यलं."

गावात ती बातमी पसरली तशी उलट्या पावलांनी आमच्या घरात शिरली. पाणवठ्यावर बायका काकूला वाट द्यायला लागल्या. जास्तच वाट द्यायला लागल्या. मी घरोघर जाऊन जहाज, तांबं, साहेब असं समजावून सांगितलं. लोक ऐकून घेत, पाणी देत, आणि मी उठलो की म्हणत, पोरगं काकूसाठी किती करते पाहा.

मग सोपी गोष्ट होती. तो बिल्ला देवघरातून काढायचा. मी तसं म्हणालो तेव्हा आत्या देवघराच्या दारातच बसली.

"पूजा झालेला टाक असा उचलून कोनाड्यात नाही टाकत. तो पाण्यात सोडा लागते. नळगंगेत सोडून ये, मंग मी काही नाही म्हणत."

"नाही," काकू म्हणाली.

घरात काकू 'नाही' म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं.

"तो माणूस पाण्यावर गेला, अक्का. त्याच्या हातचं आलेलं मी पाण्यात सोडू? माह्या हातानं?"

"मंग तसाच राहू दे."

"राहू दे म्हटलं त् लोक वीर म्हणून राह्यले."

"त्याले मी काय करू?"

मी त्या दोघींच्या मधे उभा होतो आणि माझं इंग्रजी कुठल्याच बाजूला उपयोगाचं नव्हतं. ठेवला तर नाना मेलेला, काढला तर आपण बुडवलेला. दादा ओसरीवर पाठ करून बसले होते. मला आज वाटतं, त्या घरात सगळ्यांत जास्त दादांनीच त्याला मेलेला मानलं होतं. आपल्या वाक्याने तो गेला, हे त्यांच्या मनात इतकं घट्ट बसलं होतं की मरणाची बातमी त्यांना अनोळखी वाटलीच नाही.

आणि वेचणी तोंडावर आलेली.

पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे शेतात सीतादही करतात. कपाशीच्या एका भरल्या झाडापाशी दगड मांडायचे, त्यांना चुना आणि कुंकू लावायचं, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा. मग फुटलेल्या बोंडातला कापूस न तोडता अलगद लांब ओढत शेजारच्या झाडापर्यंत न्यायचा, तिथून पुढच्या. ते झालं की वेचणाऱ्या बाया कापूस भरायला कमरेला पदराचे ओटे बांधतात. हे सगळं घरच्या सवाष्णीने करायचं. आमच्या घरात आई गेल्यापासून ते काकूच करत होती.

"यंदा शेजारची सवाष्ण बोलवू," दादा आदल्या संध्याकाळी भिंतीला सांगावं तसं म्हणाले.

एवढंच. पण त्या वाक्याचा अर्थ चुलीपुढच्या बाईला कळला. शेजारीण आली की उद्यापासून काकूचं कुंकू हे सगळ्या गावाला दिसणारी चूक होणार. मग कुणीतरी वडीलधारी बाई येऊन बसणार, पाठीवरून हात फिरवणार, आणि बांगड्यांचं बोलणं काढणार. आत्याचं तसंच झालं होतं. आत्या त्या दिवशी जेवली नाही. काकूवर रागावून नाही, कशावर तेही तिने सांगितलं नाही. फक्त मी पाणी द्यायला गेलो तेव्हा म्हणाली, "मले कोणी इचारलं होतं का रे? मले त् नुसतं सांगतलं."

सकाळी थंडी होती. कपाशीच्या पानांवर दव होतं आणि शेताच्या कडेला तुरीची पिवळी फुलं. ओल्या बोंडांचा वास सरकीच्या वासासारखा नसतो, तो ओल्या चिंधीसारखा असतो. बाया बांधावर बसून होत्या, पदर कानाभोवती घट्ट. शेजारीण अजून यायची होती. तेवढ्यात गावाकडून काकू येताना दिसली. डोक्यावर पदर, हातात ताट, ताटात दहीभात, कुंकू, चुना. नव्या हिरव्या लुगड्याची घडी मोडलेली.

कुणी उठलं नाही. ती झाडापाशी गेली, बसली, दगड मांडले, चुना लावला. कुंकू लावलं. मग उभी राहिली. थोरल्या दिरापुढे कधी मोठ्याने न बोललेली ती बाई दादांकडे न बघता बांधावरच्या बायांना म्हणाली,

"ज्या बाईले वाटते का माहा मालक मेला, तिनं आज माह्या वावरात वेचू नोको. घरी जा. मी रागावणार नाही. बाकीच्यायनं ओटे बांधा."

त्या बाया रोजाने येणाऱ्या. त्यांच्या घरी चुली त्या दिवसाच्या वेचणीवर पेटायच्या, हे काकूला माहीत होतं, आणि आपण किती अवघड प्रश्न टाकलाय हेही माहीत असावं. मी माझा जुना उद्योग सुरू करणार होतो, की बायांनो, ते तांबं खरं म्हणजे... पण दादांनी माझं मनगट धरलं.

पारबती नावाची एक आडदांड बाई होती, तोंडाने फटकळ. ती उठली, गुडघे झटकले. "मेला असन त् त्यानं येऊन सांगावं," ती म्हणाली. "मले त् काही सांगतलं नाही बा त्यानं." आणि तिने ओटा बांधला. एक हसली, मग दुसरी. बघता बघता सगळा बांध रिकामा झाला आणि कपाशीच्या ओळींमधून लुगडी पांगली. शेजारीण आली तेव्हा दादा तिला म्हणाले, "बस, दहीभात खाऊन जाय."

मी त्या सकाळवर नंतर खूप विचार केला. काकूकडे पुरावा नव्हता. बिल्ला पुरावा नव्हता, लोणारचं पाणी तर नव्हतंच. तिने नाना जिवंत आहे असं सिद्ध केलं नाही. तिने फक्त गावाच्या खात्रीपुढे आपली खात्री उभी केली, आणि गावाची खात्री जरा बाजूला सरकली. त्या वर्षी तिच्या कपाळावरून कुणी काही बोललं नाही. पण पाणवठ्यावरची वाट जास्तच रुंद राहिली, हेही खरं.

होळी झाल्यावर, पळस पेटलेले असताना, नाना आला. डोक्यावर पत्र्याची पेटी, अंगात मुंबईचा सदरा. दारात थांबला. आत पाय टाकेना. दादा उठले, काही न बोलता त्याच्या डोक्यावरची पेटी उतरवून घेतली आणि आत नेली. किल्ली म्हणतो ती बहुधा अशीच असते, मुकी.

नाना समुद्रावर कधी गेलाच नव्हता. "मले चक्कर येते बे त्या पाण्याकडे पाह्यलं तरी," तो मला म्हणाला. तो गोदीत होता. जहाज कोरड्या हौदात उभं करायचे, आणि हा खाली उभा राहून त्याचा तळ खरवडायचा. लाकडी जहाजाला समुद्रातला किडा आतून पोखरतो, म्हणून जुन्या काळी तळाला तांब्याचा पत्रा मढवत, हे त्याला तिथे कळलं. त्याच्या कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या साहेबाने विलायतेहून तसे बिल्ले मागवले होते, मोडीत निघालेल्या कुठल्याशा लढाऊ जहाजाच्या तांब्याचे. नोकरी सोडून जाताना चांगल्या कामगारांना वाटले. "अन् ते जहाज कुठचं म्हणशीन? आपल्याच मुंबईत बांधलेलं, आपल्या सागवानाचं. साहेब सांगे."

"पण तू निरोप काऊन नाही धाडला?" आत्याने विचारलं.

नाना गोंधळला. "धाडला ना. तो बिल्ला धाडला. दादानं पाय ठेवू नोको म्हटलं होतं, त् मी काय लिहून घेऊ? म्हटलं, पाहून समजतीन, का हा ठीक हाय, कामावर हाय, बक्षीस भेटून राह्यलं त्याले."

त्याने 'मी जिवंत आहे' म्हणून जे पाठवलं, तेच आम्ही देवाच्या ओळीत मांडून त्याला रोज दिवा दाखवत होतो. जहाजाचा तळ कुणाला दिसत नाही. शिडं दिसतात, डोलकाठ्या दिसतात. तांबं मात्र आयुष्यभर खाली, खाऱ्या अंधारात, किड्याला आत येऊ न देता. ते वर आलं, वितळलं, त्याच्यावर कुणाचा तरी चेहरा उठला, आणि चैत्रात नदी आटते अशा आमच्या मुलखात येऊन ते पुन्हा तळालाच लागलं, एका बाईच्या घराच्या तळाला. मी असं काहीतरी एकदा बोललो तेव्हा काकू म्हणाली, "तू पोरायले असंच शिकवते का रे? म्हणून नापास होत असतीन."

नाना स्वतः गोदाआजीकडे गेला. ओटीवर बसून म्हणाला, "वीर आला, आजी. चहा ठेवा." माझं लग्न त्या हसण्यात ठरलं. बिल्ला देवघरातून काढायचं पुन्हा निघालं, तेव्हा आत्याने ऐकलं नाही. जिवंत माणसाचा आहे, म्हणजे त्याला पाण्यात सोडायचं कारणच उरलं नाही, असा तिचा निवाडा. तो तिथेच राहिला आणि पुढे वाटण्या झाल्यावर इंदूच्या पदरी आला.

पण मला जे सांगायचं होतं ते पुढच्या आश्विनातलं. कपाशी फुटली, वेचणीचा दिवस उजाडला. आता कशाची अडचण नव्हती. काकूचा नवरा पारावर बसून मुंबईच्या थापा मारत होता, आणि घरात नवी सून इंदू होती. सगळं शेत काकूची वाट पाहत होतं, जरा उत्सुकतेनेही, की आता ही कशी मिरवते. ती आली ती आत्याचा हात धरून. ह्या दिवशी आत्या कधी शेतात आली नव्हती. विधवा झाल्यापासून ती घरून सगळं सांगायची, दही कसं, चुना किती, आणि दार लावून घ्यायची.

"करा, अक्का," काकू ताट पुढे करून म्हणाली.

"येडी झाली का? मले कुठी चालते?"

"मले बी कुठी चालत होतं गेल्या साली? चाललं ना."

आत्या आजूबाजूला बघायला लागली. दादांकडे, माझ्याकडे, इंदूकडे. दादांनी पागोटं सारखं केलं आणि दुसरीकडे पाहिलं, पण निघून गेले नाहीत. आत्या बसली. दगड तिने नेमके मांडले. दहीभात ठेवला. मग उठून एका भरल्या बोंडाशी गेली, पांढऱ्या लुगड्यातली, पांढऱ्या कपाशीत, आणि दोन बोटांनी कापूस ओढायला लागली. कापूस लांबला, आणखी लांबला, शेजारच्या झाडापर्यंत पोहोचता पोहोचता मधेच तुटला आणि बोटांत लोंबत राहिला.

आत्याचा चेहरा उतरला. "तुटला," ती म्हणाली. "म्हणूनच म्हणत होती मी."

"तुटू द्या, आत्याबाई," पारबती ओटा बांधता बांधता ओरडली. "लई वावर पडलं हाय. दुसरं झाड घ्या."

आत्याने बोटांतला तो कापसाचा तुकडा आपल्याच पदराला पुसला आणि पुढच्या झाडाकडे वळली.